लेकराने दाखविलेली चूक

जुम्माच्या बयानासाठी मी वारसाहक्काचा विषय घेतला होता. मुलीचा वाटा अल्लाहने स्वतः निश्चित केला आहे, तो कोणाच्या मर्जीवर सोडलेला नाही, हे सूरह निसाच्या आधारे मांडायचे होते. घरी टिपणे वाचत असताना माझ्या अकरा वर्षांच्या मुलीने विचारले, "अब्बा, मग दादाअब्बांच्या शेतात फुफीचा वाटा कुठे आहे?"

"तिने हक्कसोडपत्रावर सही केली आहे."

"सहीच्या आधी तिला तिचा वाटा कोणी देऊ केला होता का?"

मी रागावून म्हणालो, "मोठ्यांना असे विचारू नये." परंतु तिच्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

पवित्र कुरआनच्या सूरह अंबियात एक खटला आला आहे. कोणाच्या शेळ्या-मेंढ्या रात्री दुसऱ्याच्या शेतात शिरल्या व पीक खाऊन गेल्या. भाष्यकार सांगतात की, आदरणीय दाऊद (अलै.) यांनी तो कळप शेतमालकाला देवविला. पुत्र सुलैमान (अलै.) यांनी सुचविले की, शेत पूर्ववत होईपर्यंत शेतमालकाने कळपाचे दूध व लोकर घ्यावी आणि नंतर ज्याचे त्याला परत मिळावे. ही समज अल्लाहने सुलैमानना दिली; मात्र विवेक व ज्ञान दोघांनाही दिले होते, असे कुरआन तेथेच स्पष्ट करतो. पिता पैगंबर होते, राजे होते; पुत्राचा निवाडा सरस ठरल्याने त्यांचा मान उणावला नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एकदा एका झाडाविषयी कोडे घातले. ते खजुराचे झाड होय, हे अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांना उमगले होते, पण वडीलधारे गप्प असल्याने तेही संकोचून गप्प राहिले. पुढे हे कळल्यावर पिता आदरणीय उमर (रजि.) यांना त्या मौनाची खंत वाटली.

अदब हवाच. आदरणीय इब्राहीम (अलै.) यांनी पित्याची घोर चूक दाखविली, तीही अत्यंत प्रेमळ संबोधनाने. परंतु अदब म्हणजे मौन नव्हे. मृत्यूनंतर आपल्यासाठी दुआ करील अशी संतती आपण मागतो. जिवंतपणी आपली चूक दाखविणारी संतती मात्र आपल्याला खुपते. वास्तविक चूक सुधारण्याची मुदत जिवंतपणीच असते.

येत्या रविवारी मुलीला सोबत घेऊन मी बहिणीकडे जाणार आहे. वाटा प्रथम तिच्या हाती द्यायचा. ठेवायचा की सोडायचा, हे तिने नंतर ठरवावे.