कौतुक नेमकं असावं

शाळेतला निवृत्तीचा निरोप समारंभ ठरलेल्या वळणानेच जातो. शाल, श्रीफळ, हार, मग भाषणं. सत्कारमूर्ती कष्टाळू, प्रामाणिक आणि मनमिळाऊ असतात. ही विशेषणं मुख्याध्यापकांना चालतात, लिपिकाला चालतात, शिपायालाही चालतात. नाव बदललं की भाषण तयार. अशा मोघम कौतुकात आपली एक सोय दडलेली असते, असं मला अलीकडे वाटू लागलं आहे. माणसाचे गुण गायले की तो घरी गेल्यावर आपण मोकळे. त्याची कामं मोजायला बसलं, तर मात्र लगेच प्रश्न येतो की हे सगळं आता कोण करणार?

आमच्या माध्यमिक शाळेचे शिपाईमामा यंदा वयाच्या 60व्या वर्षी निवृत्त झाले. (चतुर्थ श्रेणीला आम्हा शिक्षकांपेक्षा दोन वर्षं जास्त नोकरी असते. त्यांच्या पदरात आमच्याहून जास्त पडलेली दुसरी कुठली गोष्ट मला माहीत नाही.) टोल देणं, सूचनावही वर्गावर्गात फिरवणं, जिल्ह्याच्या गावी शिक्षणाधिकारी कार्यालयात आणि वेतन पथकात टपाल पोचवणं, दहावीच्या परीक्षेला बाकांवर बैठक क्रमांक घालणं, ही त्यांची कागदावरची कामं. कागदावर नसलेल्या कामांत सगळ्यात मोठं काम जुन्या जनरल रजिस्टरांचं.

या रजिस्टरांची किंमत शाळेबाहेरच्या माणसाला जास्त कळते. जातपडताळणीसाठी इतर मागासवर्गीयांना 1967 पूर्वीचा आणि भटक्या-विमुक्तांना 1961 पूर्वीचा पुरावा लागतो. तो बहुतेकदा आजोबांच्या किंवा चुलत आजोबांच्या शाळाप्रवेशाच्या नोंदीत सापडतो. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचं काम सुरू झालं आणि कुणबी नोंदींसाठी गावोगावच्या शाळांतली कपाटं उघडली गेली, तशी आमचीही उघडली. आमच्याकडे कपाट नव्हतं, पत्र्याची ट्रंक होती. मामा दर दिवाळीच्या सुट्टीत ती उघडायचे, रजिस्टरं सावलीत वाऱ्याला ठेवायचे, तळाला कडुलिंबाचा पाला आणि डांबराच्या गोळ्या घालून परत रचायचे. पान उलटताना खालून पुठ्ठा सरकवायचे, म्हणजे कागद चुरत नाही. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि कुठल्याही परिपत्रकात ते नाही. आजोबांची नोंद हातात पडल्यावर पोरं मुख्याध्यापकांच्या पाया पडून गेली. ते साहजिकच होतं, कारण नकलेवर सही त्यांची होती.

शाळेतल्या बदलांबद्दल आम्ही शिक्षक बोलतो तेव्हा विषय असतात सरल, यू-डायस, डिजिटल फळा, नवा अभ्यासक्रम. या बदलांची प्रशिक्षणं झाली, अल्पोपाहारासह झाली. त्यांच्या शेजारून आणखी एक बदल शाळेत शिरला, पण त्याची स्टाफरूममध्ये फारशी चर्चा झाली नाही. 11 डिसेंबर 2020 च्या शासन निर्णयाने खासगी अनुदानित शाळांतली शिपायाची पदं व्यपगत ठरवली. आहेत त्यांना निवृत्तीपर्यंत संरक्षण मिळालं. ते गेले की पद संपतं आणि शाळेला शिपाई भत्ता मिळतो, ग्रामीण भागात महिना 5,000 रुपये आणि मुंबई-पुण्यात 10,000. शासनाची बाजूही आहे. वेतनाचा आणि निवृत्तिवेतनाचा बोजा खरा आहे, आणि टोल आता यंत्रही देतं. पण ट्रंक कधी उघडायची हे यंत्राला कोण सांगणार?

शिक्षणसेवकांच्या तुटपुंज्या मानधनावर आमच्या संघटनांनी वर्षानुवर्षं आवाज उठवला. 2023 मध्ये ते 16 ते 20 हजारांवर गेलं, आणि हे योग्यच झालं. मानधन या शब्दातला अपमान आम्हाला नीट समजतो तो असा, पगारातून शिकलेला. मग त्याच इमारतीत, त्याच छपराखाली 5,000 रुपयांवर राबणाऱ्या माणसाचं आपलं काही लागत नाही, असं कसं? कृतज्ञता ही माणसामाणसातली खासगी भावना आहे, तिचा पगाराशी संबंध जोडू नये, असं माझ्या एका सहकारी सरांचं मत आहे. मला ते पटत नाही. मामांबद्दल गहिवरून बोलायचं आणि त्यांच्या जागी आलेल्या मुलाचं आडनावही विचारायचं नाही, तर तो गहिवर आपण आपल्यासाठीच काढलेला असतो.

जागेवर आलेला मुलगा आमचाच माजी विद्यार्थी आहे. त्याचं नाव मस्टरवर नाही, त्यामुळे त्याला किरकोळ रजाही नाही. ज्या दिवशी तो येत नाही, त्या दिवसाचे पैसे नाहीत. तरी निरोपानंतरच्या आठवड्यात मामा दोनदा स्वतःहून शाळेत आले आणि त्याला घेऊन ट्रंकेपाशी बसले. 5,000 रुपयांत हेही शिकायचं का, असं त्याने मला विचारलं. प्रश्न उद्धट नव्हता, हिशेबाचा होता.

भत्त्यात शाळेने स्वतःची भर घालावी, असा विषय मी शालेय समितीच्या पुढच्या बैठकीसाठी दिला आहे. मुख्याध्यापकांनी तो विषयपत्रिकेवर घेतला, पण पैसे कुठून आणणार हे आधी सांगा, असंही बजावलं. शिक्षकांनी दरमहा वर्गणी काढावी असं काहींचं म्हणणं आहे. शासनाने झटकलेली जबाबदारी आपण का उचलायची, असं काही म्हणतात, आणि त्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे. वाद होणार हे नक्की. मामांनी केलेल्या कामांची यादी मात्र मी लिहून नेणार आहे. ती दोन पानी झाली असून अजून पुरी झालेली नाही.