न उघडलेली पेटी

एखादी वस्तु जपणें म्हणजे तिला आहे तशी ठेवणें, कीं ज्या कामासाठीं ती निर्माण झाली तें काम तिच्याकडून होऊं देणें? हा प्रश्न देवालयें व पोथ्या यांच्या संबंधानें नेहमी निघतो. आम्हांस तो परवां एका पुठ्ठ्याच्या पेटीनें घातला.

अमेरिकेंत पेन्सिल्व्हेनियांत स्थायिक झालेल्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे त्याच्या वृद्ध शेजाऱ्याचा संग्रह वारशानें आला. संग्रह मालगाडीच्या वाघिणींच्या प्रतिकृतींचा. पण तयार प्रतिकृतींचा नव्हे, तर त्या घरीं जुळविण्यासाठीं विकल्या जाणाऱ्या सुट्या भागांच्या संचांचा. प्रमाण एकास सत्याऐंशी; ४० फुटांची वाघीण साडेपांच इंचांत बसते. त्यांत ‘५००० पैकीं एक’ असें मिरविणारे अँब्रॉइडचे लाकडी संच होते. एकच पेटी उघडलेली. वाघीण अर्धवट जुळविलेली, आणि सूचनापत्रावर शेजाऱ्यानें पेन्सिलीनें केलेल्या खुणा एका कलमापाशीं थांबलेल्या. विद्यार्थ्यानें विचारलें, “सर, ही पुरी करूं, कीं अशीच ठेवूं? माझा हात त्यांच्यासारखा नाहीं.”

न उघडण्याच्या बाजूनें पुष्कळ बोलतां येईल. व्यापाऱ्यांच्या भडक जाहिराती रंगविलेल्या बर्फाच्या वाघिणींना अमेरिकेच्या आंतरराज्य व्यापार आयोगानें १९३४ सालीं मनाई केली. रुळांवरून त्या गेल्या; संचांच्या पेट्यांत राहिल्या. शिवाय संच एकदां सरसानें जुळला कीं वाघीण उरते, संच उरत नाहीं. कारागिरानें भाग कसे कापले, नवशिक्यास कसें शिकविलें, ही साक्ष बुजते.

तथापि या युक्तिवादांत कृपणतेचा अंश सहज शिरतो. बाजारांत न उघडलेल्या पेटीस अधिक किंमत येते. म्हणजे वस्तूचा कोणी उपयोग केला नाहीं, हाच तिचा गुण ठरतो. दुसऱ्यास हंसण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. आमच्याहि कपाटांत पानें न फाडलेलीं पुस्तकें आहेत, आणि त्यांस आम्ही विद्याव्यासंग म्हणतों!

आमच्या मतें या वादांतून वाट काढते ती नोंद. प्रत्येक भागाचें माप घ्यावें, आराखड्याची प्रत करावी, पेटीवरील क्रमांक व किंमत टिपावी. चुकाहि टिपाव्या, कारण पुष्कळ उत्पादकांनीं एकाच सांच्याच्या वाघिणीवर, तसली वाघीण कधीं न बाळगलेल्या रेल्वेचें नांव छापलें आहे. अशी पेटी उत्पादकाची साक्ष देते, रेल्वेची देत नाहीं, आणि हा विवेक नोंदीवांचून राहत नाहीं. जी वस्तु एकुलती उरली असेल ती खुशाल मिटलेली ठेवावी. इतरांची नोंद झाली म्हणजे इतिहासाचें ऋण बव्हंशीं फिटलें. मग वस्तूचें ऋण फेडण्यास हरकत कोणती?

आम्हीं विद्यार्थ्यास लिहिलें कीं, त्या सूचनापत्रावर एकहि नवी खूण करूं नकोस. त्याची प्रत काढ, आणि पुढच्या कलमापासून प्रतीवर खुणा करीत काम पुरें कर. कोणाचा हात कोठें थांबला व कोणाचा कोठें सुरू झाला हें लिहून ठेवलें, तर मृताच्या कामांत हात घालण्यांत अपराध नाहीं, लपविण्यांत आहे.

गेल्या आठवड्यांत त्याचें उत्तर आलें. शिडी बसली, पण किंचित् तिरपी. तें त्यानें नोंदींत स्वतःच्या नांवावर लिहिलें आहे.