वाहक वारा

वारा म्हणजे हवेची हालचाल, एवढीच त्याची ओळख दीर्घकाळ पुरेशी मानली गेली; दर्यावर्दींना त्याची दिशा आणि हंगाम ठाऊक असला की काम भागत असे. इंग्लंडमधील खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅली यांनी १६८६ मध्ये व्यापारी आणि मोसमी वाऱ्यांचा नकाशा प्रसिद्ध करून, सूर्याच्या उष्णतेने तापून वर चढणारी हवा हे या वाऱ्यांचे कारण असल्याचे मांडले, तर जॉर्ज हॅडली यांनी १७३५ मध्ये त्याला पृथ्वीच्या परिवलनाची जोड दिली. या विचारपरंपरेतून पुढे वारा हा उष्णतेचा आणि बाष्पाचा वाहक म्हणून ओळखला जाऊ लागला. जीवसृष्टीशी त्याचे नाते मात्र अजून ऊन-पावसापुरतेच होते.

हे नाते पदार्थाच्या पातळीवर आणणारा एक महत्त्वाचा पुरावा धुळीतून मिळाला. केप व्हर्द बेटांजवळ जहाजांवर पडणाऱ्या तांबूस धुळीविषयी चार्ल्स डार्विन यांनी १८४६ मध्ये निबंध लिहिला. जर्मन शास्त्रज्ञ एरेनबर्ग यांना या धुळीत ६७ प्रकारची सेंद्रिय रूपे आढळली होती आणि त्यांतील सूक्ष्मजीव बहुतेक गोड्या पाण्यातले होते. दगडाचे कण जर वाऱ्यावर एवढे दूर येत असतील, तर त्यांहून कितीतरी हलके बीजाणू सर्वत्र पसरण्यात नवल नाही, असा निष्कर्ष डार्विन यांनी काढला.

वारा स्वतः काहीही न वाहता समुद्रालाही पोसू शकतो, हे विसाव्या शतकात उमगले. पृथ्वीच्या परिवलनामुळे पृष्ठभागावरचे पाणी वाऱ्याच्या दिशेशी कोन करून सरकते, हे व्हाग्न एकमन यांनी १९०५ मध्ये गणिताने दाखवले. नैऋत्य मोसमी वारे सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याला जवळपास समांतर वाहतात, तेव्हा वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर लोटले जाते, खालचे थंड आणि पोषकद्रव्यांनी समृद्ध पाणी वर येते आणि त्यावर वाढणाऱ्या प्लवकांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांवर, माशांची अन्नसाखळी उभी राहते.

वारा जीवसृष्टीला पोसतो ही कल्पना अ‍ॅमेझॉनच्या वर्षावनात आणखी पुढे गेली. तिथली माती जुनी आणि झिजलेली असून वनस्पतींना आवश्यक असलेला स्फुरद पावसाबरोबर सतत वाहून जातो. तरीही जंगल टिकते कसे, या प्रश्नाचे उत्तर सहारातून येणाऱ्या धुळीत असावे, असा तर्क १९९२ मध्ये मांडला गेला. कॅलिप्सो उपग्रहाच्या नोंदींवर आधारलेल्या २०१५ मधील अभ्यासाने, दरवर्षी सुमारे २.८ कोटी टन धूळ आणि तीतून सुमारे २२ हजार टन स्फुरद अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात पडतो, असा अंदाज केला. वाहून जाणाऱ्या स्फुरदाचे प्रमाणही साधारण तेवढेच मानले जाते. या धुळीचा एक मोठा उगम चाडमधील बोडेले या आटलेल्या सरोवराच्या तळाशी आहे. २०१९ मधील संशोधनाने आफ्रिकेतील वणव्यांच्या धुरालाही स्फुरदाचा महत्त्वाचा स्रोत ठरवले, त्यामुळे धुळीच्या वाट्याचा हिशेब पुन्हा खुला झाला.

हिशेब बदलला तरी विचाराची दिशा बदललेली नाही. वारा उपकारबुद्धीने वाहत नाही. स्फुरदाबरोबर तो रोगाचे बीजाणू आणि प्रदूषणही नेतो. परंतु त्याच्या अभ्यासाने परिसंस्था स्वयंपूर्ण असते ही समजूत ढासळली आहे, आणि म्हणून एखाद्या अरण्याच्या रक्षणाचा विचार करताना त्याच्या सीमेबाहेरच्या, कदाचित दुसऱ्या खंडावरच्या, वाळवंटाचाही विचार करणे क्रमप्राप्त ठरते.