देवस्तुती आणि राजस्तुती
सतराव्या शतकात बंगळुरात शहाजीराजांचा दरबार भरत असे, आणि त्यांचा आश्रित कवी जयराम पिंड्ये याने ‘राधामाधवविलासचंपू’ रचला. चंपू म्हणजे गद्यपद्यमिश्रित काव्य. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९२२ साली तो छापून प्रसिद्ध केला. राधाकृष्णाच्या प्रेमाने आरंभ होणारे हे काव्य पुढे शहाजीराजांच्या स्तुतीकडे, तीही नाना भाषांतील, वळते आणि तेथेच प्रश्न उभा राहतो, की देवाला वाहिलेली वाणी राजाला वाहता येते काय.

भक्तिपरंपरेने नरस्तुती त्याज्य मानली. याउलट जपानी दरबाराला हा पेच फारसा जाणवण्याचे कारण नव्हते, कारण तेथे सम्राट सूर्यदेवी अमातेरासूचा वंशज मानला जाई, सुमारे ९०५ साली राजाज्ञेने संकलित झालेल्या ‘कोकिनशू’ या संग्रहाच्या प्रस्तावनेत कवितेला द्यावापृथिवी हलवण्याचे सामर्थ्य दिले आहे, आणि ‘शिनकान’ म्हणजे सम्राटाचे हस्ताक्षर आदराने जतन केले जाई. मराठी राजपत्र मात्र बहुधा कारकुनाच्या हातचे, मोडीतले, आणि त्याचे प्रामाण्य शिक्कामोर्तबात असे. येथे राजाच्या हस्ताक्षराला पूजेचे स्थान नव्हते, म्हणून जयरामाची राजस्तुती इतिहासाचे मोलाचे साधन ठरते. तिला उपासना म्हणता येत नाही.