कुंभारणीच्या घरातली अळी

पावसाळा सरत आला की दौंड तालुक्यातल्या केडगावच्या जुन्या घरांत, तुळईच्या कोपऱ्याला किंवा खिडकीच्या चौकटीला, मातीची इवली गाडगी दिसू लागतात. कुंभारीण माशी चिखलाची गोळी तोंडात धरून आणते आणि माती ओली आहे तोवर तिला आकार देते. आत एक अंडं घालते आणि शिकारीला निघते. तिला हवी असते अळी. सापडली की ती नांगी मारते, पण जीव घेत नाही. विषाने अळीची हालचाल थांबते, शरीर मात्र ताजं राहतं. अशा लुळ्या अळ्या गाडग्यात भरून ती तोंड लिंपून टाकते. अंड्यातून निघालेलं पिल्लू त्या जिवंत अळ्या खात वाढतं आणि पुढे गाडगं फोडून नवी माशी बाहेर पडते.

कीर्तनात मात्र ही गोष्ट वेगळी ऐकू येते. माशी अळीला कोंडून तिच्याभोवती गुणगुणत राहते. भ्यालेली अळी अखंड माशीचंच ध्यान करते आणि ध्यान करता करता स्वतःच माशी होते. भक्तानेही असंच ध्यान करावं, म्हणजे तो देवरूप होईल. वेदान्तात हा दृष्टान्त कीटक-भृंगी न्याय म्हणून रुळला आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो, त्यांत शेवटचा गुरू हीच भृंगी. एकनाथांनी या स्कंधावरची आपली टीका १५७३ मध्ये काशीत पुरी केली आणि तो अवधूत मराठी घराघरांत पोहोचला. महाराष्ट्र त्याला दत्तात्रेय म्हणूनच ओळखतो. केडगावच्या बेटावर नारायण महाराजांचं (१८८५–१९४५) दत्तस्थान आहे, त्यामुळे चोवीस गुरूंची कथा या गावाला परकी नाही.

हा दृष्टान्त रचणाऱ्याची नजर कच्ची नव्हती. अळी आत गेली आणि माशी बाहेर आली, हे त्याने बरोबर टिपलं. बंद गाडग्याच्या आत काय घडतं, तेवढंच त्याला दिसलं नाही. आज ते ठाऊक आहे आणि त्यामुळे एक जुना, अवघड प्रश्न भक्तापुढे उभा राहतो. अळीचं रूपांतर होत नाही, ती खाल्ली जाते. ज्या परमेश्वराला दयाघन म्हणायचं, त्याच्या सृष्टीत ही व्यवस्था कशी बसवायची?

हाच प्रश्न चार्ल्स डार्विनलाही पडला होता. मे १८६० मध्ये अमेरिकेतले वनस्पतिशास्त्रज्ञ आसा ग्रे यांना लिहिलेल्या पत्रात त्याने अशाच परजीवी गांधीलमाश्यांचा दाखला दिला. जिवंत सुरवंटाच्या शरीरात राहून त्याला खाणारे जीव एखाद्या दयाळू, सर्वशक्तिमान ईश्वराने मुद्दाम घडवले असतील, हे आपल्या मनाला पटत नाही, असं त्याने कळवलं. सारं विश्व निव्वळ आंधळ्या शक्तीचा खेळ आहे, असं मानायलाही तो तयार नव्हता. हा विषय माणसाच्या बुद्धीपलीकडचा आहे, एवढ्यावर तो थांबला.

केडगावात या प्रश्नाचं आणखी एक उत्तर नांदतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन याच गावातलं. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींना रमाबाईंनी इथे आसरा दिला आणि १९२२ मध्ये इथेच देह ठेवला. अनंतशास्त्री डोंगऱ्यांच्या या लेकीला लहानपणी भागवत मुखोद्गत होतं. पुढे ख्रिस्ती झाल्यावर हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्खं बायबल मराठीत आणलं. अवधूताचा कीटक आणि बायबलमधला सर्प असे दोन्ही ग्रंथसंसार एका व्यक्तीने इतके आत्मसात केल्याचं उदाहरण महाराष्ट्रात विरळा.

बायबलच्या पहिल्या पुस्तकात देव सगळ्या प्राण्यांना हिरवा पालाच अन्न म्हणून नेमून देतो. तिथे रक्त नाही. मग सर्प येतो, मोह येतो आणि शाप येतो. यशया संदेष्टा भविष्यातलं राज्य रंगवतो, त्यात लांडगा आणि कोकरू एकत्र नांदतात, सिंह कडबा खातो आणि तान्हं मूल नागाच्या बिळाशी खेळतं. म्हणजे दात आणि विष हा सृष्टीचा मूळ स्वभाव नाही, तो बिघाड आहे आणि तो एक दिवस दुरुस्त होणार आहे, असा या परंपरेचा विश्वास. जीवाश्म वेगळी साक्ष देतात. माणूस पृथ्वीवर येण्याच्या कितीतरी आधीपासून इथे शिकार चालू होती. तरीही यशयाच्या स्वप्नाचं मोल कमी होत नाही. अळीच्या यातनेला तिथे यातनाच म्हटलं जातं, तिच्यावर तत्त्वज्ञानाचं पांघरूण घातलं जात नाही.

अवधूताची रीत निराळी. त्याच्या गुरूंमध्ये सर्प आहे, पण सर्पाकडून तो शिकतो ते एकटं राहणं, मौन पाळणं आणि स्वतःचं घर न बांधता दुसऱ्याने केलेल्या बिळात निभावणं. विषाचा त्यात धडाच नाही. प्राणिशास्त्रही याला दुजोरा देतं, कारण नाग उंदरांच्या बिळांत आणि वारुळांत राहतो, ती खोदत नाही. अजगर एका जागी पडून राहतो आणि पुढ्यात येईल ते गिळतो. अवधूताने त्याची हिंसा मोजली नाही, त्याचा संतोष उचलला. त्याने प्राण्यांचा न्यायनिवाडा केला नाही, म्हणूनच त्याला त्यांच्याकडून शिकता आलं.

गावात मात्र सापाचा न्यायनिवाडा रोज होतो. साप डूख धरतो, मारणाऱ्याचा चेहरा लक्षात ठेवतो, असं आजही सांगितलं जातं. सापाच्या मेंदूत सूड बाळगण्याइतकी सोय नाही. विष म्हणजे बदलत गेलेली लाळ, आणि ती मुख्यतः उंदीर-बेडकांसाठी. नागाचं विष मज्जातंतूंचा निरोप स्नायूंपर्यंत पोहोचू देत नाही, घोणसीचं विष रक्त गोठण्याची यंत्रणा मोडून टाकतं. ते तयार करायला शरीराला खर्च येतो, म्हणून माणसासारख्या न गिळता येणाऱ्या प्राण्यावर ते वाया घालवण्यात सापाचा फायदा नसतो. घोणस कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार टाकते, फुरसं अंगाचे खवले एकमेकांवर घासून करकरतं, नाग फणा काढतो. या सगळ्या सूचना आहेत. पुष्कळदा दंश होतो, पण विष सोडलेलंच नसतं.

बांधावर दोन साप एकमेकांना पीळ घालून उभे राहिलेले दिसले की नाग-धामणीची जोडी लागली म्हणून लोक हात जोडतात. बहुतेक वेळा ते धामणींचे दोन नर असतात आणि त्यांची कुस्ती चाललेली असते. प्रतिस्पर्ध्याचं डोकं जमिनीला टेकवलं की लढत संपते. विषारी सापांचे नरही असेच झुंजतात आणि त्या झुंजीत विषदंत सहसा वापरले जात नाहीत. आक्रमकतेलाही निसर्गात मर्यादा आहे. ती कोणी उपदेश करून घालून दिलेली नाही. दोघेही मरतील अशी लढत पिढ्यान्‌पिढ्या टिकत नाही, एवढंच तिचं कारण.

शेजारच्या शिरूर तालुक्यात हा प्रश्न ग्रंथातून थेट अंगणात आला. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत काही आठवड्यांतच दोन मुलं आणि एक वृद्धा अशा तिघांचा बळी गेला. धरणांच्या पाण्यावर ऊस वाढला आणि उसात बिबट्याच्या माद्या व्याल्या. तिथेच वाढलेल्या पिल्लांना फड हेच रान वाटतं. ज्या आईचं लेकरू गेलं, तिला निसर्गाचा समतोल समजावणं क्रूरपणा आहे. बिबट्याला खुनी म्हणणंही खरं नाही, कारण खुनाला हेतू लागतो आणि दुसरा मार्ग निवडण्याची मुभा लागते. जैन विचारात हिंसेचं पाप ठरवताना प्रमाद म्हणजे बेसावधपणा आणि कषाय म्हणजे राग-लोभासारखे विकार पाहिले जातात ते यासाठीच. धोकादायक ठरलेल्या बिबट्याला नोव्हेंबरमध्ये गोळी घालण्यात आली. त्या कृतीला माणसांचं रक्षण म्हणता येईल, शिक्षा म्हणता येणार नाही. हा फरक व्यवहारातही दिसतो. २००१ पासून जुन्नर भागातले बिबटे सरसकट पकडून दूर सोडले जाऊ लागले, तेव्हा माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेले, असं विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात आढळलं. रागाच्या भरात गुन्हेगार हद्दपार केल्याचं समाधान मिळालं, माणसं सुरक्षित झाली नाहीत.

समतोलाची भाषा सोपी आहे, कारण ती बहुधा न खाल्ला गेलेला बोलतो. दौंडचा शेतकरी उसाला ट्रायकोकार्ड टांगतो. त्यातून निघणारे सूक्ष्म कीटक खोडकिडीच्या अंड्यांत आपली अंडी घालतात आणि किडीचा वंश तिथेच संपतो. २००२ मध्ये लोकरी माव्याने उसाचा घास घेतला, तेव्हाही कोनोबाथ्रासारख्या मावा खाणाऱ्या अळ्याच शेतकऱ्याच्या उपयोगी पडल्या. ज्या परजीवीपणामुळे डार्विनची झोप उडाली, त्यावर इथला गाळप हंगाम उभा राहतो. म्हणून ती यातना चांगली ठरत नाही. आपल्या ताटातल्या साखरेमागे ती आहे, हे मात्र मान्य करावं लागतं.

मग दृष्टान्त टाकून द्यायचा का? तसं करण्याचं कारण नाही. उलट, खरी हकिकत कळल्यावर तो अधिक कठीण आणि अधिक प्रामाणिक होतो. अळी जागच्या जागी सुखाने माशी होत नाही. एक जीव पुरता संपतो, तेव्हा दुसरा उभा राहतो. देवरूप होणं इतकं स्वस्त नाही, हे सांगायला बंद गाडग्यातलं सत्य पुरेसं आहे. फक्त ते सांगताना अळीचं नाव घेतलं पाहिजे.

माशीला, नागाला, बिबट्याला दुसरा रस्ता नाही. माणसाला आहे आणि धर्माचा प्रश्न तिथून सुरू होतो. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसं मेल्याचा अंदाज आहे, आणि त्यांत खेड्यातले कष्टकरी सर्वाधिक. प्रतिविष बनवायचं तर सापांचं विष काढावं लागतं, ते घोड्यांना टोचावं लागतं आणि त्यांच्या रक्तातून औषध घ्यावं लागतं. दयेचं कामही कुणाच्या तरी अंगावर ओरखडा काढल्याशिवाय होत नाही. दरवर्षी गाळप सुरू झालं की बीड-नगरकडून ऊसतोड कामगार या भागात येतात आणि कोप्यांत जमिनीवर पथारी टाकतात. मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश झोपेत अनेकदा जाणवतही नाही. त्या कोप्यांत बाजा, मच्छरदाण्या आणि विजेऱ्या पोहोचवणं, जवळच्या सरकारी दवाखान्यात प्रतिविष रात्रीही मिळेल असं पाहणं, ही कामं कारखान्याची, ग्रामपंचायतीची आणि बेटावर किंवा मुक्ती मिशनमध्ये प्रार्थनेला जाणाऱ्या प्रत्येकाची आहेत.