हंगामापुरता शेजारी

जो मनुष्य आपल्या गावी कायमचा राहावयास आलेला नाही, हंगाम सरताच जो निघून जाणार आहे, त्याचे आपण कितपत देणे लागतो? गावात जन्मलेल्याचे देणे आपण जाणतो. पाहुण्याचेही जाणतो, कारण तो दोन दिवसांचा असतो. परंतु जो पाहुणाही नव्हे आणि गावकरीही नव्हे, त्याच्याविषयी आपला विचार क्वचितच निश्चित असतो. कवठे महांकाळकडील आमच्या वाचकांनी ह्या प्रश्नाचे विशेष मनन करावे; कारण त्याच्या दोन्ही बाजू त्यांस घरच्या घरी ठाऊक आहेत.

खानापूर, आटपाडी, तासगाव व कवठे महांकाळ हा मुलूख अवर्षणाचा. येथील पुष्कळ कुटुंबांनी परमुलूख धरून सोने-चांदी गाळण्याचा धंदा पत्करला. हे गलाई बांधव आज दूरदूरच्या शहरांतील सराफ पेठांत आढळतात. दुकान तिकडे, परंतु घर बांधावयाचे ते गावी, आणि जत्रेस यावयाचे तेही गावीच. उलट, म्हैसाळ योजनेने कृष्णेचे पाणी ह्या कोरड्या बाजूस आल्यावर शेतीचे काम वाढले व माणसांची गरज पडू लागली. कृष्णाकाठच्या उसाच्या फडांत तर बीडकडील आणि आपल्याच जत तालुक्यातील मजूर दिवाळीच्या सुमारास येतात व उन्हाळ्यात परततात. म्हणजे एकाच जिल्ह्यातील लोक कोठे परके आहेत, तर कोठे परक्यांचे यजमान आहेत.

अशा तात्पुरत्या स्थलांतराचे अर्थशास्त्र हा आता विद्यापीठांत मोठ्या अभ्यासाचा विषय झाला आहे, आणि त्यावर प्रबंध लिहिणाऱ्या तरुणांस वेतनही मिळते. डच पंडित यान ब्रेमन ह्यांनी खानदेशातून गुजरातेत बारडोलीकडे जाणाऱ्या तोडणी मजुरांचा अभ्यास केला. लंडन येथील अर्थशास्त्रज्ञ ख्रिश्चन डस्टमन ह्यांनी, परत जाण्याचा बेत मनात असलेला मनुष्य कसा वागतो, ह्याचा शोध घेतला. ह्या विद्येचे एक सार असे की, ज्याला परतावयाचे आहे तो पोटास चिमटा घेऊन पैसा साठवितो. तेथील भाषा शिकण्यास किंवा ओळखी जोडण्यास वेळ देत नाही. कारण त्याचे फळ हाती येण्यापूर्वीच त्यास निघावयाचे असते. गावकरी हे पाहतो आणि म्हणतो, हा आमच्यात मिसळत नाही, मग आम्ही तरी ह्याच्यासाठी का झिजावे? दोघांचाही हिशेब आपापल्या परीने बरोबर असतो, आणि तरी त्या दोन बरोबर हिशेबांतून एक चूक जन्मास येते.

जर्मनीने हा अनुभव घेतला. १९६१ साली त्या देशाने तुर्कस्तानाशी करार करून काही काळापुरते मजूर आणविले व १९७३ साली ही भरती बंद केली. पुष्कळ मजूर परतले. परंतु पुष्कळ तेथेच राहिले व त्यांनी बायकामुलांस बोलावून घेतले. हे जावयाचेच आहेत, अशा समजुतीने जे भाषेचे व शिक्षणाचे काम आरंभी झाले नाही, त्याचा भार पुढे मुलांवर पडला.

आपल्याकडे हा भार कोण वाहतो? फडात नवरा व बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत त्यांस फड सोडता येत नाही. मूल खोपीत राहते, आणि शाळेचे अर्धे वर्ष निघून जाते. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु कायद्याची दृष्टीही पुष्कळदा सीमेपाशी थांबली आहे. १९७९ चा स्थलांतरित कामगारांचा कायदा परराज्यात नेलेल्या मजुरांसाठी होता. बीडहून सांगलीस येणारा मजूर त्यात बसत नव्हता.

कोणी म्हणेल, मजुरी चुकती केली म्हणजे देणे फिटले. आम्हांस हे मान्य नाही. मजुरीने हातांचे मोल होते. परंतु हातांबरोबर तहान, आजार, गरोदर स्त्री आणि अक्षर न शिकलेले मूल हीही गावात येतात. दुसरा म्हणेल, गावचे पाणी गावासच पुरत नाही. ही अडचण खरी आहे, आणि तिची टर आम्ही करीत नाही. परंतु टंचाईत वाटणी कमी करावी लागली, तर ती सर्वांचीच करावी. केवळ उद्या जाणार म्हणून आज एकालाच वगळू नये. शेताच्या कडा परक्यासाठी राखाव्या, असे सांगणाऱ्या मोशेच्या नियमशास्त्राने, तो किती दिवस राहणार, अशी अट घातलेली नाही.

मुक्कामाच्या मुदतीवरून मजुरीचा हिशेब करता येतो, माणुसकीचा करता येत नाही, असे आमचे मत आहे. म्हणून येत्या हंगामी खोपी पडतील तेव्हा तीन गोष्टी कराव्या. हातपंपावर त्यांचीही पाळी लावावी. मुलांची नावे जवळच्या शाळेच्या पटावर येतील असे पाहावे. आणि आपल्या शिधापत्रिकेवर दुसऱ्या गावच्या दुकानातही धान्य मागता येते, हे त्यांस समजावून सांगून दुकानापर्यंत सोबत जावे. ह्यास फारसा पैसा लागत नाही. आपला मुलगा गलाईच्या दुकानी पहिल्यांदा परमुलखात उतरला, तेव्हा तेथील कोणीतरी त्यास पाणी कोठे मिळते ते दाखविले असेलच.