मर्यादेच्या आतली मर्यादा

काहीच विपरीत घडले नाही, तर निष्काळजीपणा हा दोष ठरतो का? घरी पिस्तुलाची काडतुसे भरणाऱ्या नवशिक्यापुढे हा प्रश्न अगदी उघडा असतो. वापरलेल्या पितळी पुंगळीत नवी टोपी, मोजलेली दारू आणि गोळी बसवण्याचा हा छंद मुख्यतः अमेरिकेतला. भारतात १९५९च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही. इकडे हिंगोली जिल्ह्यातल्या साखऱ्यासारख्या गावात स्फोटकाशी गाठ पडते ती विहीर खोदतानाच्या सुरुंगातून.

काडतुसे भरणाऱ्यांचा रूढ नियम असा, की पुस्तकातल्या कमाल मापापेक्षा साधारण दहा टक्के कमी दारूने सुरुवात करायची आणि मग थोडेथोडे वाढवायचे. कारण ते माप दुसऱ्याच्या नळीत, दुसऱ्या पुंगळीत घेतलेले असते. गोळी जरा खोल बसली तरी दाब चढतो. ९ मिमी काडतुसासाठी अमेरिकी मानकाची मर्यादा चौरस इंचाला ३५,००० पौंड आहे. पण कमी म्हणजे सुरक्षित, असेही नाही. काही दारूंचे माप घटवूच नये असे बनवणारेच बजावतात. फार कमी दारूने गोळी नळीत अडकते आणि पुढच्या बाराला नळी फुटू शकते. शिवाय .३८ स्पेशल या रिव्हॉल्वरच्या काडतुसाच्या लांब पुंगळीत जलद जळणारी दारू चुकून दोनदा पडली तरी ती सांडत नाही. तिथे दहा टक्क्यांची सूट कुचकामी. गोळी बसवण्यापूर्वी प्रत्येक पुंगळीत उजेडात डोकावणे हाच उपाय. अज्ञानासाठी अंतर राखता येते, बेसावधपणासाठी नाही.

जैन विचाराने हा भेद फार पूर्वी ओळखला. शिरड शहापूरच्या मल्लिनाथाच्या जैन मंदिरामुळे ही परंपरा हिंगोलीला परकी नाही. तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथाच्या सातव्या अध्यायात हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, येतो. जीव जाणे हे निव्वळ बाह्य फळ. दोषाचे मूळ बेसावध वृत्तीत. त्याच अध्यायात दिग्व्रत आणि देशव्रत आहेत: आधी वावराची आयुष्यभराची सीमा आखायची, मग ठराविक काळापुरती तिच्या आत आणखी लहान. मोह होण्याआधीच आखलेली ही आतली रेघ म्हणजे काडतुसातल्या दहा टक्क्यांचीच जात. अनर्थदंडाच्या, म्हणजे निष्कारण केलेल्या पापकृत्याच्या, प्रकारांत टीकाकार प्रमादचर्येबरोबर (बेसावध वागण्याबरोबर) हिंसादानही मोजतात, म्हणजे घाताची साधने दुसऱ्याच्या हाती देणे. स्वतः भरलेले काडतूस मित्राला देणाऱ्याने हे लक्षात घ्यावे; त्याच्या मापाचा धोका आता दुसऱ्याच्या तळहातात असतो.

या दृष्टीने पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे: बार सुखरूप उडाला तरी न पाहता भरणारा दोषी. परवान्यासारखे नियम सोडले, तर व्यवहारातला कायदा बहुधा इजा झाल्यावर जागा होतो, हे त्याचे उणेपण म्हणावे लागेल.

हीच सावधगिरी विहिरीत सुरुंग लावणारे पाळतात: ते स्फोटांचे आवाज मोजतात. चार वाती पेटवल्या आणि तीनच आवाज आले, तर खाली उतरत नाहीत. दोन बार एकदम उडाले असतील, अशी समजूत काढणे सोपे असते; तरीही चौथा जिवंत धरूनच थांबायचे असते.